पाण्यात गेला तर थोड्यात गेला?

"नवा घेऊन करायचंय काय? सावित्री दर काही वर्षांनी बाजारपेठेत येणारच. पाण्यात गेला तर जुना थोड्यात जाईल."

महाडच्या एका पतपेढीच्या बैठकीत हे वाक्य बोललं गेलं आणि टेबलाभोवतीच्या बहुतेक माना हलल्या. जुलै २०२१ मधला सावित्री नदीचा पूर ज्यांनी इथे काढला, त्यांना हे वाक्य चटकन पटतं. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि जितका विचार करतो तितकं अधिक चुकीचं वाटतं. संगणकांची देखभाल करणारा म्हणून मला बोलावलं होतं. विषयपत्रिकेत सर्व्हरला दहा मिनिटं होती. दहा मिनिटांत जे मांडता आलं नाही ते इथे मांडतो.

ते वाक्य बोलणारे गृहस्थ जुने सर्व्हर विकतात. ते लबाड नाहीत, आणि त्यांचं म्हणणं पोकळही नाही. ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटरं, पुण्यातल्या आयटी कंपन्या तीन ते पाच वर्षांनी आपली यंत्रं बदलतात. ती लॉटने विकली जातात, व्यापाऱ्यांकडे येतात, पुसून-तपासून पुन्हा बाजारात उतरतात. एके काळी काही लाखांना घेतलेलं यंत्र वीस-पंचवीस हजारांत मिळतं, आणि ते चालतंही. पतपेढीपुढे ठेवलेला होता डेलचा पॉवरएज आर७२०. मॉडेल २०१२ चं, दोन प्रोसेसरांची सोय, मेमरीच्या २४ जागा, मागे दोन पॉवर सप्लाय. किंमत पंचवीस हजार. आत सध्या एकच प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम. "आज एवढं पुरतं. पुढे लागेल तसं वाढवू. जुनी रॅम, जुने प्रोसेसर कवडीमोल आहेत." यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

डीडीआर३ जातीची सर्व्हरची रॅम स्वस्त आहे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि नव्या रॅमचे भाव जगभर चढले. तेव्हापासून जुन्या मालाच्या विक्रेत्याच्या बोलण्याला आणखी वजन आलं आहे. पण अपग्रेडचा खर्च रॅमवर अडत नाही. तो अडतो अशा वस्तूंवर, ज्यांचं नाव खरेदीच्या दिवशी कुणी काढत नाही.

या यंत्रातल्या २४ जागांपैकी १२ पहिल्या प्रोसेसरच्या आणि १२ दुसऱ्याच्या. दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर त्याच्या बाराही जागा मेलेल्या असतात. रॅम खाचेत बसते, यंत्राला दिसत नाही. कार्ड लावायच्या काही खाचांचंही तेच. म्हणजे "रॅम वाढवू" हे बोलणं एका टप्प्यानंतर "दुसरा प्रोसेसर बसवू" असं होतं. तो प्रोसेसर पहिल्याशी जुळणारा हवा. त्याला स्वतःचा हीटसिंक हवा, तोही याच मॉडेलचा. जुना प्रोसेसर काढून त्याच्या पुढच्या आवृत्तीचा, म्हणजे झिऑन ई५-२६०० च्या व्ही२ चा घालायचा असेल तर आधी बायोस अद्ययावत करावा लागतो. तो जुन्याच प्रोसेसरवर चालू असताना करायचा. विसरलात तर यंत्र सुरूच होत नाही आणि काय चुकलं तेही सांगत नाही.

रॅममध्येही जाती आहेत. रजिस्टर्ड, लोड-रिड्यूस्ड आणि साधी अनबफर्ड. तिन्ही एकाच आकाराच्या, एकाच खाचेत बसणाऱ्या, आणि एकमेकींत मिसळल्या तर तिन्ही बंद. लेबलावरच्या बारीक अक्षरांत फरक असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चुकीच्या जातीच्या आठ स्टिक आल्या तर चूक कळते महाडला, आणि दुरुस्त करायला एकशे सत्तर किलोमीटर परत. चेकिंग वॉरंटी सात दिवसांची असते; त्यातले तीन दिवस पार्सलच्या जाण्यायेण्यात जातात.

मग येतो ट्रे. ज्याने ही कामं हाताने केली नाहीत त्याला एवढ्याशा लोखंड-प्लास्टिकच्या चौकटीचं महत्त्व कळणार नाही. सर्व्हरमध्ये डिस्क ट्रेशिवाय बसत नाही, आणि विक्रेते बऱ्याचदा डिस्कही काढून घेतात आणि ट्रेही. रिकाम्या जागी प्लास्टिकची झाकणं असतात. फोटोत सगळं भरलेलं दिसतं. पिढी बदलली की ट्रेही बदलतो. एचपीच्या प्रोलायंटमध्ये जी७ पर्यंतचा ट्रे जेन८ मध्ये बसत नाही, दिसायला मात्र भाऊ-भाऊ. पोलादपूरच्या एका कार्यालयात माझ्या समोर हे घडलं आहे. डिस्क आल्या, ट्रे मागच्या पिढीचे आले. बरोबरचे ट्रे मिळवून, आणवून, बसवेपर्यंत तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे त्या कार्यालयाने जुन्याच डेस्कटॉपवर काम रेटलं. ट्रेची किंमत काही शे रुपये होती. त्या तीन आठवड्यांचा खर्च कुठल्याच बिलात आला नाही, पण तो झाला, आणि तो अपग्रेडचाच खर्च होता.

अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड कार्डाचंही असंच. स्वस्तातल्या यंत्रात बहुधा एच३१० हे साधं कार्ड असतं, ज्यात कॅशे नाही. त्यावर चार डिस्कांची रेड ५ केली की लिहिण्याचं काम रांगायला लागतं. "एच७१० टाका" हा सल्ला बरोबर आहे. पण जुन्या एच७१० ची बॅटरी दहा-बारा वर्षांची असेल तर ती मेलेली असते, आणि बॅटरी मेली की कार्ड सावधगिरी म्हणून लिहिण्यासाठी कॅशे वापरणंच सोडून देतं. म्हणजे बॅटरी शोधा. तीही नवी म्हणून विकली जाणारी, पण कपाटात कधीपासून पडून असलेली.

आणि हे सगळं विंडोजच्या परवान्यापुढे किरकोळ आहे. विंडोज सर्व्हरचा परवाना २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरच्या संख्येवर आहे, एका यंत्राला कमीत कमी १६. आठ-आठ कोअरचे दोन प्रोसेसर असतील तर तुम्ही त्या किमान संख्येत बसता. आता "कवडीमोल आहेत म्हणून" बारा-बारा कोअरचे दोन टाकलेत, की परवाना २४ कोअरचा लागतो. प्रोसेसर जितका स्वस्त तितका परवान्याचा आकडा महाग झाला. बैठकीत मी हे सांगितल्यावर एकाने हळूच विचारलं, "पण आत विंडोज टाकूनच देतात ना?" हो, टाकून देतात. बहुधा २०१२ आर२, ज्याची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ ला थांबली, आणि बहुधा परवान्याशिवाय. लोकांच्या ठेवींचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेने चोरीच्या आणि दुरुस्ती बंद झालेल्या प्रणालीवर बसावं, हे मला कुठल्याही किमतीला मान्य नाही.

लिनक्स हा त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे आणि मी स्वतः तो वापरतो. तिथेही पिढीची भिंत आडवी येते. मे २०२५ मध्ये आलेली रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची दहावी आवृत्ती एव्हीएक्स२ या सूचनासंचाशिवाय चालत नाही. तो झिऑन ई५ मध्ये आला व्ही३ पासून, म्हणजे २०१४ पासून. आर७२० मध्ये जास्तीत जास्त व्ही२ बसतो. व्ही३ ची बैठक वेगळी, त्याची रॅम डीडीआर४. या यंत्राला कितीही पैसे लावा, ती रेघ ओलांडता येणार नाही. डेबियनसारखे पर्याय अजून चालतात आणि पुढेही काही वर्षं चालतील. पण "लागेल तसं वाढवू" या शब्दांत जे वचन आहे, ते हे यंत्र पाळू शकत नाही. त्याची वाढ २०१३ मध्येच संपली आहे.

विक्रेते गृहस्थ यावर म्हणाले की हा कंपन्यांचा डाव आहे, चांगली यंत्रं मुद्दाम निकामी ठरवली जातात. या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. एचपीने फेब्रुवारी २०१४ पासून प्रोलायंटच्या फर्मवेअरचे अपडेट वॉरंटी किंवा सेवा-करार असलेल्यांपुरतेच ठेवले, हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. ज्याने यंत्र पैसे देऊन घेतलं त्याला त्यातली चूक दुरुस्त करून मिळाली पाहिजे, मग तो पहिला मालक असो की तिसरा. पण अन्याय कंपनीने केला आणि त्याची किंमत पतपेढीच्या पोलादपूरच्या शाखेने भरायची, हा कुठला न्याय? अन्यायाविरुद्ध जरूर लिहावं, बोलावं. त्यासाठी खातेदारांचा हिशेब पणाला लावू नये.

माझं म्हणणं जुन्या यंत्राविरुद्ध नाहीच. ते एवढंच आहे की जुना सर्व्हर अपग्रेड करायला घेऊ नये. घ्यायचा तर अपग्रेड झालेला घ्यावा. दोन्ही प्रोसेसर बसवलेले, रॅम भरलेली, प्रत्येक खाचेला ट्रे, कार्डाची बॅटरी जिवंत, दूरवरून पडदा बघता येईल असा आयड्रॅकचा एंटरप्राइझ परवाना आत. हा शेवटचा मुद्दा शहरातल्या माणसाला चैन वाटेल. पोलादपूरच्या शाखेतलं यंत्र रात्री अडकलं आणि पडदा दूरवरून दिसत नसेल, तर कुणाला तरी पावसात मोटारसायकल काढावी लागते. आणि पिढी व्ही४ ची, म्हणजे २०१६ ची तरी. एवढं सगळं असलेल्या यंत्राला विक्रेता पंचवीस हजार सांगणार नाही. तो जो आकडा सांगेल तो खरा आकडा.

त्यातही आमच्याकडे एक भर आहे. पॉवर सप्लाय गेला, मदरबोर्ड गेला, तर सुटा भाग महाडमध्ये मिळत नाही, पोलादपूरला तर नाहीच. पुण्याहून माणूस यायचा तर पावसाळ्यात वरंधा घाट बहुतेक वेळा बंद. ताम्हिणीने माणगावला उतरून फिरून यावं लागतं. तेव्हा जुना सर्व्हर घेणाऱ्याने तसाच दुसरा घेऊन बाजूला ठेवायला हवा, सुट्या भागांसाठी. म्हणून पतपेढीसमोरचा आकडा मी पहिल्याच मिनिटाला दुप्पट केला. त्याचं काहींना आश्चर्य वाटलं. ज्यांनी जुना ट्रॅक्टर किंवा जुनी गिरणी चालवली आहे त्यांना वाटलं नाही.

विजेचं गणित सोपं आहे. दोन प्रोसेसरांचं असं यंत्र, डिस्क धरून, फारसं काम नसतानाही दीडशे वॅटच्या आसपास खातं. चोवीस तास चाललं तर दिवसाला ३.६ युनिट, वर्षाला १३१४. युनिटला दहा रुपये धरू. तुमचा दर वेगळा असेल तर त्याने गुणा. वर्षाला १३,१४० रुपये, चार वर्षांत ५२,५६०. त्याच कामाला पुरेल असं आजचं लहान यंत्र सरासरी वीस वॅट घेतं. चार वर्षांत सात हजार. फरक पंचेचाळीस हजारांचा. ज्या यंत्राची किंमत पंचवीस हजार म्हणून आपण भुललो त्याने चार वर्षांत वीजबिलातच त्याहून जास्त घेतले. "रात्री बंद ठेवू" असं उत्तर मिळालं. ठेवा, वर्षाला ४५० युनिटवर येईल, आणि हा मुद्दा बराचसा सुटेल, हे मी मान्य करतो. मात्र रात्रीचा बॅकअप मग दिवसा घ्यावा लागेल, आणि सकाळी काउंटर उघडायच्या आधी कुणीतरी येऊन यंत्र सुरू करायला हवं. सर्व्हर डेस्कटॉपसारखा अर्ध्या मिनिटात उठत नाही.

शिवाय काम तरी काय आहे? टॅली, खातेवही, आठ-दहा जणांच्या सामाईक फाइली. या कामाला चोवीस कोअर लागत नाहीत. एका कोअरचा वेग आणि डिस्कचा वेग लागतो, आणि त्यात २०२२ चा साधा आय३-१२१०० प्रोसेसर २०१२ च्या झिऑनला सहज मागे टाकतो. साध्या आय३ च्या डेस्कटॉप बोर्डावर ईसीसी मेमरी मिळत नाही, ही त्याची उणीव खरी आहे. ज्याला ती हवी त्याने प्रवेश-पातळीचा नवा टॉवर सर्व्हर बघावा.

आता पुराकडे येतो. ते वाक्य मला सर्वांत जास्त तिथेच लागलं.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेला पाऊस सावित्रीने पोलादपूरवरून खाली येतो. खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला उतार मिळत नाही. इकडे गांधारी नदी भरलेली असते. महाड या सगळ्याच्या मध्ये आहे. त्या रात्री दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत, सुकट गल्लीत, तळमजले पाण्याखाली गेले. त्याच संध्याकाळी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यापुढे यंत्रांची गोष्ट काढायला आजही जड जातं. तरी काढतो, कारण मागे राहिलेल्यांना दुकानं आणि पतपेढ्या पुन्हा उभ्या करायच्या होत्या, आणि त्या हिशेबावर उभ्या राहतात.

पुढचे कित्येक आठवडे माझ्याकडे चिखलात भरलेले संगणक येत होते. त्यांतली यंत्रं जवळपास सगळी गेली. पण माहिती सगळ्यांची गेली नाही, आणि कुणाची वाचली, कुणाची नाही, हे बघताना मला जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. साध्या संगणकातल्या एसएसडी स्वच्छ पाण्याने धुतल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, चांगल्या वाळवल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच लॅपटॉपला केबलने जोडताच उघडल्या. फिरत्या डिस्कांमध्ये हवेच्या छिद्रातून गाळ शिरला होता; त्या थोड्याच वाचल्या. आणि एक जुना सर्व्हर आला होता. चार एसएएस डिस्क, रेड ५. चारांतल्या तीन चालल्या तर माहिती परत मिळते. तीन चालतील असं वाटत होतं. पण वाटून उपयोग नव्हता, कारण एसएएस डिस्क साध्या साटा केबलला लागतच नाही. साटाची डिस्क एसएएसच्या खाचेत बसते, उलटं होत नाही. माझ्याकडचा एकही डॉक, एकही लॅपटॉप त्या डिस्कांना उपयोगाचा नव्हता. तीन डिस्कांवर विखुरलेले तुकडे सरळ एकत्र वाचायला त्याच घराण्याचं रेड कार्ड हवं, आणि त्यांचं कार्ड त्याच पाण्यात बुडालं होतं. कार्ड मिळवून, ते चालेल असं दुसरं यंत्र मिळवून, माहिती हाती यायला पाचवा आठवडा उजाडला. तीही अपुरी.

त्या पाच आठवड्यांत तिथले कर्मचारी खातेदारांच्या पासबुकांवरून खाती पुन्हा लिहीत होते. खातेदारही महाडचेच. निम्म्यांची पासबुकं त्याच पाण्यात गेलेली. एक म्हातारी बाई आपलं पासबुक तव्यावर वाळवून घेऊन आल्या होत्या, पानं एकमेकांना चिकटलेली. आकडे वाचता येईनात म्हणून त्या काउंटरवर रडल्या. "पाण्यात गेला तर थोड्यात गेला" हे वाक्य मी त्या बैठकीत ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या बाई होत्या.

पाण्यात यंत्र जात नाही. यंत्र पुन्हा घेता येतं. पाण्यात जातो तो हिशेब. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याला वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायच्या असतात. पुरात वाहून गेल्या म्हणून त्या आपोआप उभ्या राहत नाहीत. म्हणून पुराच्या गावात यंत्राला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही. अंधारात, वीज गेलेली असताना, एकट्या माणसाला ते उपटून माळ्यावर नेता येईल का? आणि ते मेलं तर त्यातली डिस्क गावातल्या कुठल्याही लॅपटॉपवर वाचता येईल का?

पाणी चढायला लागलं की महाडचं घर काय करतं ते आपल्याला माहीत आहे. धान्य, कागदपत्रं, सिलिंडर, देव, एकेक माळ्यावर जातं. भरलेला आर७२० पंचवीस-तीस किलोच्या घरात जातो आणि तो पाऊण मीटर लांब असतो. रॅकच्या पट्ट्यांवरून तो ओढून काढायला दोन माणसं आणि उजेड लागतो. सीसीटीव्हीसाठी भिंतीवर लावतात त्या छोट्या पेटीत तो मावत नाही, म्हणून त्याचा रॅक जमिनीवर, तळमजल्यावर. त्या रात्री कर्मचारी घरून येणार कसा, हा प्रश्न वेगळाच. हाताएवढं लहान यंत्र मात्र संध्याकाळी कुलूप लावतानाच कपाटाच्या वरच्या खणात ठेवता येतं, किंवा पिशवीत घालून घरी नेता येतं.

"मग सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवा की," असं मला उत्तर आलं. जरूर ठेवा. पण वर ठेवल्यावर तो बुडणार नाही. आणि तो बुडणारच नसेल, तर "थोड्यात जाईल" म्हणून जुना घेण्याचं कारणच उरत नाही. पुराच्या नावाने स्वस्त घ्यायचा आणि पुरापासून वाचवायला वर न्यायचा, या दोन गोष्टी एकाच युक्तिवादात बसत नाहीत. त्यात वरचा मजला म्हणजे बऱ्याच ठिकाणी पत्रा. या यंत्राला नेहमीच्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगितलेलं आहे. मे महिन्यात पत्र्याखाली ते कुठे जातं हे मी सांगायला नको. पंखे पूर्ण वेगाने ओरडतील, किंवा एसी लावावा लागेल. तो खर्च मी वर धरलेलाच नाही.

बैठकीत एक तरुण संचालक म्हणाले, "सगळं क्लाउडवर टाका, कटकटच नको." त्यांच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. २०२१ मध्ये आणि त्याआधी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात वीज आणि मोबाइल कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस बंद होते. महामार्गाच्या कामात केबल तुटली की आजही अर्धा दिवस जातो. ज्या दिवशी लोकांना पैशांची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी शाखेला खाती दिसणार नाहीत, ही व्यवस्था मला चालणार नाही. प्रत बाहेर असावी. कामाचं यंत्र इथेच असावं.

म्हणून मी पतपेढीला जे सुचवलं ते साधं आहे. एक लहान नवं यंत्र, वॉरंटीसह. त्यात दोन एसएसडी, एकीचं प्रतिबिंब दुसरीवर, अशा पद्धतीने की प्रत्येक एसएसडी एकटी वाचता यावी. रोज रात्रीची प्रत बाहेरच्या डिस्कवर. दर शनिवारी ती डिस्क एसटीने पोलादपूरच्या शाखेत, तिथली महाडला. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवसांत दरडी कोसळल्या होत्या, म्हणून तिसरी, कुलूपबंद केलेली प्रत क्लाउडवर. सगळं मिळून खर्च जुन्या सर्व्हरच्या पंचवीस हजारांहून जास्त येतो, हे मी लपवलं नाही. दोन जुने सर्व्हर, दुसरा प्रोसेसर, हीटसिंक, ट्रे, बॅटरी, मोठा यूपीएस, परवाना आणि चार वर्षांची वीज यांच्या बेरजेपेक्षा मात्र तो कमी येतो.

लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने हाच आर७२० शिकायला घेतला, तर मी स्वतः टेम्पोतून उतरवून देईन. व्हर्च्युअल मशीन कशी उभी करतात, रेड कशी मोडते आणि कशी जोडतात, रॅम चुकीच्या खाचेत घातली की काय होतं, हे शिकायला याहून चांगलं पुस्तक नाही. तिथे चूक झाली तर संध्याकाळ जाते, कुणाची ठेव जात नाही. शाळेच्या प्रयोगशाळेला, हौशी माणसाला, दुसऱ्या यंत्राची जास्तीची प्रत ठेवायलासुद्धा जुना सर्व्हर चांगला आहे. चांगली यंत्रं भंगारात जाऊ नयेत असं मलाही मनापासून वाटतं.

पतपेढीचा निर्णय अजून व्हायचा आहे. विक्रेत्या गृहस्थांना मी निरोप पाठवला आहे. पुढच्या बैठकीआधी त्यांनी तो आर७२० माझ्याकडे आणावा, ट्रे आणि डिस्कांसकट. प्लगमध्ये लावायचा मीटर माझ्याकडे आहे. चोवीस तास लावून किती युनिट जातात ते दोघांनी मिळून लिहू. रॅम ६४ जीबी करायला काय काय मागवावं लागतं, त्याची यादी त्यांनी स्वतःच्या हाताने करावी, भावासकट. त्यातली एक डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावून बघू. आणि मग दुकानातले दिवे बंद करून, टॉर्च एकच ठेवून, पतपेढीतल्या एकाच कारकुनाला ते यंत्र माझ्या माळ्याच्या जिन्याने वर न्यायला सांगू. जिना अकरा पायऱ्यांचा आहे. २०२१ चं पाणी आठव्या पायरीपर्यंत आलं होतं. भिंतीवर खूण अजून आहे.